सिस्टर, त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत म्हणून

सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्याकडे यायचात ते आईच्या ड्रेसिंगसाठी. उंबऱ्याला पाय अडकून ती नुसती बसली म्हणावी तशी पडली आणि तेवढ्यानं खुबा मोडला. मिरजेत ऑपरेशन झालं. पुढे महिनाभर तुम्ही विश्रामबागेतल्या आमच्या घराचा जिना चढलात. एक दिवस पट्टी कापता कापता, मान वर न करताच विचारलंत, "ताई, तुमची पाळी कधी गेली?"

"41व्या वर्षी पिशवीच काढली."

"अंडाशयांसकट?"

मी हो म्हटलं आणि तुमची कात्री थांबली. ती थांबलेली कात्री मला अजून दिसते.

ऑपरेशनला 12 वर्षं झाली होती. तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं, की आता दर महिन्याची कटकट गेली. अंडाशयं काढली की इस्ट्रोजेन, म्हणजे हाडं जपणारं हार्मोन, एकदम कमी होतं, हाडं भराभर ठिसूळ होऊ लागतात, हे कुणी बोललंच नव्हतं. त्याचा राग आजही जात नाही. देवळातल्या शिबिरात हाडांसाठी टाच तपासून 'ठीक आहे' असा कागद मिळाला होता, तो मी तुमच्यापुढे धरला. टाचेवरून अंदाज येतो, निदान होत नाही. मणक्याचा आणि खुब्याचा डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करा, म्हणालात. साध्या एक्स-रेत दिसेपर्यंत बरंच हाड झिजून गेलेलं असतं, हेही तुमच्याकडूनच कळलं.

मला काही दुखत नव्हतं. आईचा एवढा खर्च चाललेला, त्यात माझं कुठं काढू, असं वाटायचं. तुम्ही पाठ सोडली नाहीत. 'कॅल्शियमची गोळी आज घेऊ नका' म्हणून आदल्या दिवशी फोनसुद्धा केलात.

पंधरा मिनिटांत झालं. पाय एका चौकोनी उशीवर उचलून ठेवले, अंगावरून मशीनचा दांडा हळूहळू सरकत गेला. सुई नाही, बोगद्यात जाणं नाही. मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून दिलेला आकडा, आला उणे 2.3. उणे 2.5 आणि त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, धरतात. तुम्ही रिपोर्ट ओट्यावर पसरलात आणि आलेखातला माझा ठिपका बोटानं दाखवलात, पिवळ्या पट्ट्याच्या पार खालच्या टोकाला. "अजून आपल्या हातात आहे," एवढंच म्हणालात. त्या रात्री मी खूप रडले, पण बऱ्याच दिवसांनी शांत झोपलेही.

आता डॉक्टरांनी सांगितलेलं ड जीवनसत्त्व घेते, सकाळी आमराईत भरभर चालते. ठरल्या वेळी त्याच मशीनवर परत तपासायचंय. आईची हाडांसाठीची आठवड्याची गोळी असते त्या दिवशी ती उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घेते आणि घड्याळाकडे बघत अर्धा तास ताठ बसून राहते. तिला आडवं होऊ द्यायचं नाही, हे तुम्ही बजावलेलं आम्ही विसरलो नाही.

नणंदेचीही पिशवी लवकर काढलीय. परवा भाजी निवडताना मी तिला तुमचेच दोन प्रश्न विचारले. सोमवारी तिला घेऊन मिरजेला जातेय.

तुमची,
विश्रामबागेतली ताई