एडीएचडीतला राग : उपाय भडक्याच्या आधी बसवावा लागतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रांतून एडीएचडीबद्दल (लक्ष न टिकणे, चंचलता आणि उतावीळपणा ही लक्षणे असलेला, बालपणापासूनचा मेंदूच्या वाढीशी जोडलेला विकार) जे छापून येते ते बहुतेक शाळकरी मुलांबद्दल असते. मोठ्या माणसांबद्दल कधी आलेच, तर विसरभोळेपणा आणि कामे अर्धवट सोडणे यांपुढे जात नाही. ज्या तक्रारीपायी नोकऱ्या सुटतात आणि घरात अबोला धरला जातो, ती भावना आवरता न येण्याची तक्रार मात्र बाजूलाच राहते. क्षुल्लक कारणावरून पारा चढणे, साहेबांच्या एका वाक्याने रडू कोसळणे, कुणी फोन उचलला नाही की दिवसभर मनाला लावून घेणे, आणि तासाभरात सगळे निवळल्यावर स्वतःचीच लाज वाटणे, असे तिचे स्वरूप असते. नाशिकमध्ये प्रौढांच्या एडीएचडीवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ म्हणून आमचे सांगणे असे की, 'राग आवर' हा सल्ला रागाच्या क्षणी कुचकामी ठरतो. जे करायचे ते डोके शांत असताना ठरवून, सरावाने बसवून ठेवावे लागते.

राग सगळ्यांनाच येतो. भावना उसळली आणि ती तोंडातून किंवा हातातून बाहेर पडली, या दोहोंमध्ये इतरांना काही क्षण मिळतात. कपाळामागचा मेंदूचा भाग तेवढ्यात परिणामांची आठवण करून देतो. डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांच्या आधारे चालणारे हे काम एडीएचडीत कमी पडते. त्यात काम करताना गोष्टी मनात धरून ठेवण्याची क्षमताही तोकडी असते. राग आला की तिथे दुसरे काही मावत नाही. घराचा हप्ता, दहा वर्षांची ओळख, काल रात्रीच दिलेला शब्द, यातले काहीच त्या मिनिटाला समोर येत नाही. 'एवढं शिकलास, तुला कळत कसं नाही?' असे घरचे विचारतात तेव्हा त्या माणसाला खरोखर उत्तर देता येत नाही. त्याला कळत असते, पण वेळेवर आठवत नाही.

ही तक्रार तपासणीत निसटते, त्याला कारण आहे. मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकी निकषांत प्रौढाचे निदान करताना लक्ष न लागणे आणि चंचलता-उतावीळपणा अशा प्रत्येकी ९ लक्षणांच्या दोन याद्या पाहतात. त्यातल्या एका तरी यादीतली किमान ५ लक्षणे असावी लागतात, त्यांची सुरुवात वयाच्या १२ वर्षांआधी झालेली असावी लागते आणि ती घर, काम अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात. या मुख्य याद्यांत राग किंवा हळवेपणा नाही. चिडचिड, मूड वरखाली होणे, मनाविरुद्ध काही झाले की सहन न होणे यांचा उल्लेख फक्त सोबत आढळणाऱ्या गोष्टींत येतो. प्राथमिक चाळणीसाठी वापरतात त्या एएसआरएस प्रश्नावलीच्या पहिल्या ६ प्रश्नांतही रागाबद्दल एकही प्रश्न नाही. अमेरिकेत यूटा विद्यापीठात पॉल वेंडर यांनी प्रौढांसाठी जे निकष तयार केले, त्यात मात्र तापटपणा, मूडचे चढउतार आणि ताणाखाली कोलमडणे हे तिन्ही होते. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०१९ च्या सहमती-निवेदनानेही ही बाजू ठळकपणे मांडली आहे. तेव्हा डॉक्टरांनी विचारले नाही तरी रुग्णाने आपणहून सांगावे. नाहीतर नैराश्याची गोळी सुरू होते आणि मूळ दुखणे तसेच राहते.

याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. तापट माणसाला लगेच एडीएचडीचा शिक्का मारू नये. पाहायचे ते किती वेळ टिकते हे. एडीएचडीतली लाट बहुधा एखाद्या प्रसंगावरून उठते आणि काही मिनिटांत किंवा काही तासांत ओसरते. बायपोलर आजारात (ज्यात मूड काही काळ फार वर तर काही काळ फार खाली जातो) वर गेलेला मूड किमान ४ ते ७ दिवस टिकतो, झोपेची गरज कमी झालेली असते आणि प्रसंग घडायलाच हवा असे नसते. अलीकडेच सुरू झालेली चिडचिड असेल तर थायरॉइड, रक्तातले लोह, दारू, घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे हे आधी तपासावे. बायकांमध्ये पाळीच्या आधीच्या आठवड्यात सगळे वाढते का, तेही लिहून ठेवावे. बालपणापासूनचा धागा सापडत नसेल तर निदान घाईने करू नये.

आता करायचे काय? पहिले काम नोंदींचे, दोन आठवड्यांचे. रोजनिशी लिहायला सांगू नये, ती तिसऱ्या दिवशी बंद पडते. भडका उडाला की निवळल्यावर मोबाइलवर स्वतःसाठी अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप ठेवावा : किती वाजले होते, लगेच आधी काय झाले, शेवटचे कधी खाल्ले, काल किती झोप झाली, शांत व्हायला किती वेळ लागला. चौदा दिवसांनी एका बैठकीत ऐकले की आकृती दिसायला लागते. बऱ्याच वेळा ती संध्याकाळी सहा ते आठची असते.

ही वेळ जरा जवळून पाहू. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात दिवसपाळी करणारा माणूस. दुपारचा डबा अर्धाच खाल्लेला. वाटेत द्वारका चौकातली कोंडी, त्यात सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेले रस्ते, मागून सतत हॉर्न. दार उघडताच तीन वाक्ये एकदम येतात : सिलिंडर लावला नाही, मुलाच्या फीची तारीख उद्या आहे, आणि तुमच्या आईचा दोनदा फोन येऊन गेला. तिन्ही वाक्ये साधी आहेत, पण चौथ्याला भडका उडतो. इथे संयमाचे धडे देऊन काही होत नाही, क्रम बदलल्याने होते. घरात आल्यावर पहिली १५ मिनिटे कुणी काही विचारायचे नाही. हातपाय धुणे, काहीतरी खाणे, बसणे. प्रश्न कागदावर लिहून फ्रीजला लावायचे आणि सोळाव्या मिनिटाला त्या माणसाने स्वतः कागद हातात घ्यायचा. ही शेवटची अट विसरली की बायकोला वाटते, आपल्याला गप्प बसवले. तसे वाटणे रास्तच आहे. श्रावणी सोमवार किंवा चतुर्थीचा उपवास असेल तर त्या संध्याकाळी पैशांचे विषय काढू नयेत.

भांडण सुरू झालेच तर थांबण्याचा शब्द आधीच ठरलेला हवा. 'मला थांबायचंय, साडेआठला येतो' एवढेच. वेळ सांगणे सक्तीचे. तापलेले शरीर शांत व्हायला वीसेक मिनिटे तरी लागतात, म्हणून पाच मिनिटांत परतणाऱ्याचे भांडण पुन्हा तिथूनच सुरू होते. त्या वीस मिनिटांत गच्चीवर किंवा गल्लीत चालावे. गाडीची किल्ली घेऊ नये. मनातल्या मनात भांडण चालू ठेवले तर वीस मिनिटे वाया जातात, तेव्हा हाताला काम असावे, भांडी घासली तरी चालेल. दुसऱ्याने मागे जायचे नाही. आणि जो उठून गेला त्यानेच परत येऊन विषय काढायचा. हे पाळले नाही तर महिन्याभरात हा शब्द पळवाट ठरतो आणि घरचे त्याला दाद देईनासे होतात.

श्वासाचे तंत्र सगळे सांगतात, पण ते फसते कुठे हे कुणी सांगत नाही. चार आकड्यांत श्वास आत आणि सहा आकड्यांत बाहेर, असे दोन-तीन मिनिटे करावे. उच्छ्वास लांब ठेवला की नाडी मंदावते. मात्र रागाच्या भरात हे पहिल्यांदाच करून पाहणाऱ्याला ते जमत नाही आणि 'आपल्यावर उपयोग नाही' असा निष्कर्ष निघतो. दिवसातून दोनदा, शांत असताना, चहाचे पाणी उकळेपर्यंत सराव करावा. चेहऱ्यावर अर्धा मिनिट गार पाण्याची ओली पट्टी धरल्यानेही उतार पडतो. हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

मोबाइलचा नियम वेगळा आणि कडक हवा. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साहेबांचे नुसते प्रश्नचिन्ह आले की अंगठा आपोआप चालतो. त्या ग्रुपच्या खिडकीत उत्तर लिहूच नये, नोट्समध्ये लिहावे. 'वाचलं, उद्या ११ पर्यंत कळवतो' हे वाक्य आधीच साठवून ठेवावे आणि तेवढेच पाठवावे. राजीनामा, उसने पैसे देणे, नाते तोडणे, मोठी खरेदी यांना मध्ये एक पूर्ण रात्र हवीच.

औषधांबद्दल भीती फार आणि माहिती कमी. एडीएचडीवर मिथाइलफेनिडेट आणि अटोमोक्सेटिन ही औषधे देतात. मिथाइलफेनिडेट त्याच दिवशी काम करते; साध्या गोळीचा परिणाम तीन-चार तास, तर लांब चालणाऱ्या गोळीचा आठ ते बारा तास टिकतो. अटोमोक्सेटिन रोज घ्यावे लागते आणि पुरता फरक दिसायला चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. आठवड्यात 'काहीच झालं नाही' म्हणून सोडू नये. दोन्हींचा गुण लक्षावर जास्त आणि भावनांवर त्या मानाने कमी दिसतो, म्हणून वर सांगितलेली घडी औषध चालू असतानाही लागतेच. आणखी एक गोष्ट सहज निसटते. मिथाइलफेनिडेटने भूक मरते आणि दुपारचे जेवण चुकते. शिवाय गोळीचा असर उतरताना काहींची चिडचिड वाढते. दोन्ही एकाच वेळी, संध्याकाळी. घरचे म्हणतात, औषधाने आणखी तापट झाला. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करण्यापेक्षा नोंदी दाखवून वेळ किंवा प्रकार बदलून घ्यावा. सकाळी गोळीआधी पोटभर नाश्ता करावा. रक्तदाब, नाडी आणि वजन ठरल्या वेळी तपासून घ्यावे. हे औषध सगळ्या मेडिकलमध्ये मिळत नाही आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या चिठ्ठीशिवाय देत नाहीत. आठवड्याचा साठा उरला असतानाच पुढची सोय करावी.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या २१ प्रकारांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. साहजिकच कामाच्या ठिकाणी सवलत मिळणे वरिष्ठांच्या समजुतीवर अवलंबून राहते. कारखाने आणि कार्यालयांना आमची विनंती साधी आहे : चूक सांगायची ती लाइनवर सगळ्यांसमोर सांगू नका, बाजूला घेऊन सांगा, आणि काय हवे ते लेखी द्या. याला एक रुपयाही लागत नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. त्याने कुटुंबवैद्यांसाठी प्रौढ एडीएचडीचे छोटे प्रशिक्षण घ्यावे आणि त्यात भावनांवरचे प्रश्न न वगळता शिकवावेत, असे आम्हाला मनापासून वाटते.

एका बाबतीत मात्र तडजोड नाही. एडीएचडी हे हात उगारण्याचे कारण होऊ शकत नाही. घरात मारहाण होत असेल तर ११२ किंवा महिलांसाठी १८१ वर फोन करावा. निदानाची वाट पाहू नये. भडक्यानंतर येणारी शरमही हलक्यात घेऊ नये. 'मी नसलेलाच बरा' असे शब्द कानावर आले तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर बोलावे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते.

जिल्हा शासकीय रुग्णालयात किंवा खासगी मानसोपचारतज्ज्ञाकडे पहिल्यांदा जाताना सोबत न्यावे : दोन आठवड्यांच्या नोंदी, शाळेची जुनी प्रगतिपुस्तके सापडली तर ती (शिक्षकांचे शेरे गुणांपेक्षा उपयोगी पडतात), चालू औषधांची यादी, आणि लहानपणापासून ओळखणारे एक माणूस. आई, मोठा भाऊ, आत्या, कुणीही चालेल. आत गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच सांगावे, 'डॉक्टर, लक्षाचं बोलूच, पण मला रागाचं आणि रडण्याचंही सांगायचंय.'

आपले,
प्रौढांच्या एडीएचडीवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ, नाशिक