अमरावतीचा दगड संगमरवर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ब्रिटिश म्युझियममधील अमरावतीच्या स्तूपपट्टाचे, म्हणजे बौद्ध स्तूपाला जडवलेल्या कोरीव शिळेचे, छायाचित्र पाहिले. खाली ‘संगमरवरी शिल्प’ असे छापले आहे. ही अमरावती आंध्रातली, कृष्णाकाठची (विदर्भातली नव्हे, हेही सांगायला हवे होते) आणि दगड तिथल्याच पलनाड भागातला चुनखडक. घोळ जुनाच आहे. ब्रिटिश अधिकारी वॉल्टर एलियट यांनी १८४५ मध्ये तिथून काढलेल्या दगडांना नावच ‘एलियट मार्बल्स’ पडले.

चूक नुसती नावाची असती तर पत्र लिहिले नसते. संगमरवर उष्णतेने-दाबाने नव्याने स्फटिक झालेला असतो. हा चुनखडक थरांनी साचलेला. त्यामुळे त्याला क्षारांचा लोणा लागला की पापुद्रे सुटतात आणि पहिल्यांदा जातात ती नाके, बोटे, कमळाच्या पाकळ्या. मद्रासच्या संग्रहालयात १८८० च्या दशकात असे पट्ट सिमेंटने भिंतीत बसवले गेले. सिमेंटमधले क्षार ओलीबरोबर दगडात उतरतात. त्यात समुद्राची हवा. आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की साधे मीठ विरघळते, खाली आली की पुन्हा स्फटिक धरते आणि प्रत्येक फेरीत थर आतून उचलला जातो.

असा दगड धुऊन भागत नाही. पाण्याने क्षार आणखी आत जातात. आधी सुटे पापुद्रे चिकटवून पक्के करायचे, मग पातळ जपानी कागद, त्यावर क्षारविरहित पाण्यात भिजवलेला कागदाचा लगदा. लगदा सुकताना क्षार ओढून घेतो. काढलेला लगदा तशाच पाण्यात कालवून त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजायची (क्षार जास्त, तितकी ती जास्त) आणि आकडा उतरायचा थांबेपर्यंत लेप बदलत राहायचे. पहिली पायरी गाळली तर लगद्याबरोबर शिल्पच निघून येते. पुन्हा उभारताना आधार स्टेनलेस स्टीलचा हवा; साधे लोखंड गंजून फुगते आणि दगड फोडते.

तुम्ही छापलेला पट्ट जेमतेम सव्वा मीटर उंच आणि दोन्ही अंगांनी कोरलेला. एका अंगाला इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातले बोधिवृक्षाखालचे बुद्धाचे रिकामे आसन. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात तोच दगड उलटवून मागे अख्खा स्तूप कोरला, कठडा आणि दर्शनी ओट्यावरच्या पाच खांबांसकट (यांना आयक खांब म्हणतात). मूळ स्तूप आज उभा नाही. तो कसा दिसत असेल, हे बरेचसे अशाच पट्टांवरून कळते. हा भिंतीत गेला असता, तर यातली एक बाजू सिमेंटखाली असती.

आपला,
एक वाचक