चष्म्यापलीकडच्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आपलं नाव इथे लिहीत नाही, आपल्याला ते आवडणार नाही. आमच्या आरोग्य केंद्राला आणि १०८ रुग्णवाहिकेला स्मार्ट चष्मे मिळाले, म्हणजे आमच्यासमोरचा रुग्ण दूर बसलेल्या आपल्याला कॅमेऱ्यातून दाखवणारे चष्मे, तेव्हा सोबत चार्जर आणि पुस्तिका होती. ते वापरायचे कसे, हे मात्र आपण शिकवलंत. त्याबद्दल हे जाहीर आभार.

पहिला धडा अंगठ्याचा. चष्म्याचा कॅमेरा डोळ्यासमोर नसतो, कानशिलाजवळ असतो. त्यामुळे हातभर अंतरावरची जखम त्याला चौकटीच्या कडेलाच दिसते. कॉल जोडला की अंगठा कामाच्या अंतरावर धरायचा आणि तो आपल्या पडद्यावर मधोमध येईपर्यंत कॅमेरा वळवायचा. हे केलं नाही, तर आम्ही शीर शोधत असतो आणि आपल्याला नुसती गादी दिसत असते.

लाइव्ह व्हिडिओवर ईसीजी वाचणार नाही, ही आपली अट. नेटवर्क ढिलं पडलं की व्हिडिओतलं बारीक काम आधी पुसलं जातं, आणि एसटी सेगमेंट, म्हणजे हार्ट अटॅकमध्ये वर उचलला जाणारा ईसीजीच्या रेषेचा भाग, एक-दोन मिलिमीटर उचललेला असणं हे बारीकच काम. त्यात चकचकीत कागदावर ट्यूबलाइट चमकते. म्हणून कागद सपाट ठेवून स्थिर फोटो पाठवायचा, आणि त्यात २५ मिमी प्रतिसेकंद व १० मिमी प्रतिमिलिव्होल्ट ही नोंद दिसलीच पाहिजे. मशीन चुकून १० ऐवजी ५ मिमी प्रतिमिलिव्होल्टवर राहिलं, तर उचललेला एसटी निम्माच दिसतो आणि हार्ट अटॅक नजरेतून निसटतो.

पण चष्म्याचं खरं चीज होतं ते सर्पदंशात. मण्यारीच्या दंशाची खूण पुष्कळदा सापडतच नाही. माणूस पोटात दुखतंय म्हणून येतो. आपण खूण शोधायला न लावता पापण्या दाखवायला सांगता. रुग्णाला वर बघायला सांगा, तसंच बघत राहू द्या, डोकं हलवू नका. सलाईन लावण्याच्या गडबडीत आमच्या लक्षात न येणारी उतरती पापणी, म्हणजे मण्यारीचं विष चढत असल्याची खूण, आपल्याला तिकडे बसून दिसते. श्वास कमी पडतोय का ते कळावं म्हणून एका श्वासात किती आकडे मोजता येतात, तेही दर खेपेला रुग्णाकडून मोठ्याने म्हणवून घेता.

सापाच्या विषाने रक्त गोठणं बिघडलंय का, हे बघायची चाचणीही कॅमेऱ्यासमोरच. नव्या, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं तिला हात लावायचा नाही, मग मागे पांढरा कागद धरून एकदाच कलती करायची. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत चांगलं रक्तही गोठत नाही, आणि विष भिनलेलं नसताना एएसव्ही, म्हणजे सर्पविषावरचं औषध, दिलं जातं. एएसव्हीच्या १० वायल सुरू करण्याआधी रिअॅक्शन आलीच तर द्यायला अॅड्रेनालिन भरून तयार ठेवायचं. अँप्युलवरचं १:१००० आपण वाचता, सिरिंजमधला अर्धा मिली आपण बघता, मगच पुढे.

सीपीआर सुरू झाला की आपणच म्हणता, चष्मा काढून सलाईनच्या स्टँडला अडकवा. छाती दाबणाऱ्याच्या डोक्यावरून चित्र इतकं हिंदकळतं की पाहणाऱ्याला मळमळावं! मिनिटाला १०० ते १२० ची लय तिकडून मोजून देता, हे त्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं.

घाटात गाडी शिरली की अपलोड कोसळतं. तेव्हा आधी चित्राचा दर्जा ७२०पी आणि सेकंदाला १५ फ्रेमवर आणायचा, तरी अडकलं तर चित्र बंद करून आवाज ठेवायचा. पायलटशेजारचा, म्हणजे रुग्णवाहिकेच्या चालकाशेजारचा, साधा फोन आधीपासून जोडलेला असतोच. सायरनमध्ये आवाजी आज्ञा चालत नाहीत, तिथे बटणच दाबावं लागतं.

आणखी एका गोष्टीबद्दल आभार मानायचे आहेत. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला मागणारा डॉक्टरच उपचारांना जबाबदार राहतो. आपण हे कधी ऐकवत नाही, पण "मला असं दिसतंय, तुम्हाला हाताला काय लागतंय?" असं विचारून निर्णय आमच्याकडे ठेवता. पोट कडक आहे की मऊ, हे कॅमेऱ्याला कुठलं कळायला?

एक विनंती. पावसाळ्यात सर्पदंशाचे रुग्ण वाढतात आणि रात्रपाळीला यंदा नव्या सिस्टर आल्या आहेत. जूनच्या आधी एकदा सगळ्यांची उजळणी घ्याल का? काचेच्या नळ्यांचा इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, आम्ही टाकला आहे.

आपले,
आरोग्य केंद्रातले डॉक्टर व सिस्टर, आणि १०८ ची मंडळी