कप डाव्या हातात होता

मनू,

काल व्हिडिओ कॉलवर माझा आवाज चढला, तो चढायला नको होता. तू "बाबा, प्लीज" म्हणून फोन ठेवलास आणि तुझी आई अर्धा तास माझ्याशी बोलली नाही, भाकरी मात्र वाढली. एवढं लांब व्हॉट्सअ‍ॅपवर कोण वाचणार म्हणून मेल करतोय. निवांत असशील तेव्हा वाच, प्रॅक्टिसच्या मधे नको.

हाताबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. आधी बाकीचं लिहितो.

तू पाठवलेला तुझ्या मे महिन्यातल्या पियानोच्या कार्यक्रमांचा पीडीएफ मी दुकानातल्या प्रिंटरवर छापून आणला. मालक म्हणाले काय दिवाणजी, हळदीचे दर का, म्हणलं नाही, पोरीचा महिना आहे. फ्रिजला लावलाय. पेनानं आपल्या वेळा लिहिल्यात शेजारी, तुमचा दुपारचा एक म्हणजे आपले साडेपाच, तुमचे संध्याकाळचे साडेसात म्हणजे आपले रात्रीचे बारा. सात कार्यक्रम एका महिन्यात, त्यातले तीन गाण्याचे नि चार वाद्यांचे. मी आयुष्यात सगळ्यात जास्त वाजवले ते एका गणपतीत अकरा, पण त्यात भजनं आली, भावगीतं आली, एकदा तर वाढदिवस पण आला, आणि सगळं कानानं, समोर कागद नाही. तू कागद बघून वाजवतेस, पानं उलटायला शेजारी माणूस बसतो हे बघून आक्का म्हणाली, त्या पोराला तरी पैसे देतात का. म्हणलं आक्का, कॉलेजचे कार्यक्रम आहेत, कुणालाच देत नाहीत. तिनं पदर तोंडाला लावला. आठ दिवसांनी परत विचारेल बघ.

चौथ्या तारखेला ते शूबर्टचं ट्राउट, त्या माशाच्या नावाचं, आहे, ते मी यूट्यूबवर तीनदा ऐकलं. १८१९ चं, म्हणजे तेव्हा तो बावीस वर्षांचा, तुझ्यापेक्षा एक वर्षानं लहान. व्हायोलिन एकच, मग व्हायोला, चेलो आणि तो उभा राहून वाजवायचा डबल बास, आणि पियानो. चौथ्या भागात त्याच्याच गाण्याची चाल घेऊन फिरवलीय, ते तर आपल्याकडं बंदिशीची बढत करतात तसंच वाटलं मला, आईलाही आवडलं. पण मनू, त्यात पियानोला दोन्ही हातांनी तीच चाल सप्तकाच्या अंतरानं किती वेळ वाजवावी लागते. व्हिडिओत त्या बाईचा हात मी बघत होतो, अंगठा आणि करंगळी सारखी ताणलेली. तुझा पंजा केवढासा. पेटीवर तुझी करंगळी वरच्या सा पर्यंत पोचावी म्हणून तू जीभ बाहेर काढायचीस.

बघ, आलंच शेवटी. आता आलंय तर बोलून टाकतो. काल तू कप डाव्या हातात धरला होतास. तू उजवी आहेस. उजवा हात सगळा वेळ टेबलाखाली होता, एकदा केस मागं सारायला वर आणलास आणि लगेच खाली. मी विचारलं तर "काही नाही, झोपताना अवघडला". झोपताना अवघडलेला हात माणूस चोळतो, लपवत नाही. बास, आता नाही लिहीत त्यावर.

तू मागं लंडनच्या त्या विगमोर हॉलला गेल्याचं सांगितलंस, वरच्या गॅलरीतलं तिकीट काढून, तेव्हा मी त्याची माहिती काढली. साडेपाचशे खुर्च्यांचा हॉल, आपल्या इथल्या नाट्यगृहापेक्षा लहानच. ३१ मे १९०१ ला उघडला, बेखश्टाइन नावाच्या जर्मन पियानो कंपनीनं बांधलेला, पहिल्या महायुद्धात शत्रूचा माल म्हणून जप्त झाला आणि १९१७ ला नाव बदलून परत चालू झाला. त्याच १९०१ च्या मे महिन्यात, ५ तारखेला, आपल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. कुरुंदवाडचं पोर, फटाक्यानं डोळ्यांना इजा झाली म्हणून उपचाराला मिरजेत आणलं आणि बाळकृष्णबुवांकडं गाणं शिकत राहिलं. तिकडं पियानोवाले हॉल बांधतायत, इकडं हा शाळा काढतोय. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मला आपलं बरं वाटलं.

आणि तुमच्या चेंबर म्युझिकमधलं चेंबर म्हणजे शेवटी खोलीच की गं. माइक नाही, गाणारा हातभर अंतरावर, त्यानं श्वास घेतला की समोरच्याला कळतो. आपली बैठक दुसरं काय असते. मिरजेत दर्ग्याच्या उरसाला चिंचेच्या झाडाखाली बसून ऐकलेलं आठवतं का तुला, तू माझ्या मांडीवर झोपली होतीस आणि तंबोरा थांबला की जागी व्हायचीस. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथंच आवारात. १९३७ ला प्रवासात छातीत दुखायला लागलं म्हणून मधल्याच स्टेशनवर उतरले, प्लॅटफॉर्मवर बसून तंबोरा जुळवायला लावला आणि गात गात गेले. नाना ही गोष्ट सांगताना दरवेळी थांबायचे नि तंबाखू मळायचे. मला लहानपणी भारी वाटायची. आता वाटतं, दुखत होतं तर कुणीतरी डॉक्टरला बोलवायचं ना आधी.

गाण्याच्या कार्यक्रमांबद्दल मात्र मला दोन शब्द बोलायचा हक्क आहे, पस्तीस वर्षं साथ केलीय. गाणाऱ्याच्या तोंडाकडं बघू नको, खांद्याकडं बघ, श्वास खांद्यात आधी येतो. तो चुकला तर तू चुकीच्या जागी त्याच्याबरोबर जा, बरोबर जागी एकटी उभी राहू नको. वाजवून झाल्यावर लगेच पाणी पिऊ नको, लोकांना वाटतं साथीदार दमला. आणि तो जो तुझा आयर्लंडचा बॅरिटोन, म्हणजे मधल्या आवाजाचा गवई, आहे त्याला आधीच विचारून ठेव की पट्टी उतरवून घेतलीय का, ऐनवेळी कागद बदलला की बोटं जुन्याच जागी पडतात. आणि रोज सकाळी आधी संथ... राहू दे. तुझ्या मॅडम तुला हे माझ्यापेक्षा चांगलं सांगत असतील आणि तुझं आणि माझं वाद्य एक नाही. भाता मारणाऱ्यानं पेडल मारणाऱ्याला किती शिकवायचं. सॉरी.

खरं तर मला शूमानबद्दल लिहायचं होतं. तो सोळा गाण्यांचा संच, डिश्टरलीबे, म्हणजे कवीचं प्रेम, तू त्याचा मराठी अर्थ लिहून पाठवलास तो आईनं वहीत उतरवून घेतलाय. पहिलं गाणं मे महिन्याचं. मी ते पेटीवर काढून बघितलं. मनू, ते संपतच नाही! सा वर येतच नाही, पंचमावरच लटकत ठेवून दिलंय आणि गाणं बंद. मी दोनदा परत वाजवलं, म्हणलं माझं काहीतरी राहिलं, आई आतून ओरडली, अहो पूर्ण करा की, डोक्यात राहतंय. म्हणलं बाई, तो तसाच ठेवून गेलाय. वर १८४० च्या मे महिन्यातच सुरू केलं आणि आठवडाभरात सगळा संच झाला म्हणे. त्या एका वर्षात माणसानं शंभरच्या वर गाणी केली.

आणि ते शेवटचं, सोळावं. गाणारा थांबतो, नुसता उभा राहतो आणि पियानो एकटाच बोलत राहतो, बराच वेळ. बाराव्या गाण्याच्या शेवटी जे वाजलं होतं तेच परत येतं, हे मला दुसऱ्यांदा ऐकताना कळलं आणि मी उठून बाहेर गॅलरीत गेलो. पस्तीस वर्षांत मला शेवटचा शब्द कुणी दिला नाही गं. तक्रार नाही, आपल्यात साथीदारानं गाणाऱ्याच्या आधी थांबायचं असतं किंवा त्याच्याबरोबर. आपली पेटी तर रेडिओला पण चालत नव्हती, १९४० ते १९७१. आणि माझी पोरगी तिकडं साहेबाच्या गावात बसून, गाणारा गप्प उभा असताना, एकटी वाजवणार आहे आणि लोक तिचं ऐकणार आहेत. मी दुकानात सगळ्यांना सांगितलं. हमालांना पण सांगितलं. एकानं विचारलं मग गाणारा तेवढा वेळ काय करतो, म्हणलं ऐकतो, त्यालाच विचार.

पण मग त्या शूमानचं मी पुढं वाचायला गेलो ना. ऐन विशीत पियानो वाजवणारा व्हायचं होतं त्याला, उजव्या हाताचं बोट कायमचं बिघडवून घेतलं, बोटाला ताकद यावी म्हणून कसलंतरी यंत्र लावायचा असं म्हणतात. वाजवणं संपलं. त्याची बायको क्लारा केवढी मोठी पियानिस्ट, तिलाही पुढं हाताच्या दुखण्यानं कार्यक्रम रद्द करायला लागले. (तिच्या बापाचा लग्नाला विरोध, म्हणून या दोघांना परवानगीसाठी कोर्टात जावं लागलं होतं. मी तुझ्या बॅरिटोनबद्दल एक अक्षर बोललेलो नाही हे ध्यानात असू दे.) आता लोक सांगतात की बोट गेलं म्हणून तो एवढा मोठा रचनाकार झाला, डोळे बिघडले म्हणून विष्णु दिगंबर गाण्यात आले. मला हे अजिबात पटत नाही. ज्यांचं गेलं आणि पुढं काहीच झालं नाही, त्यांच्या गोष्टी कोण सांगतंय?

एक मी सांगतो. तुझ्या आईला पण माहीत नाही, तिला नंतर सांगेन, तू सांगू नको.

तू दुसरीत होतीस तेव्हा माझा उजवा हात गळ्यात होता आठवतं? शाळेत तू सांगितलंस बाबांनी हळदीचं पोतं उचललं म्हणून. पोतं मी उचललंच नव्हतं. दिवाणजी कधी पोतं उचलतो का? त्याच्या आधी सहा महिने हात दुखत होता, अनामिका नि करंगळी पहाटे उठलं की लाकडासारखी. कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर कार्यक्रमाला दुसऱ्याला बोलावलं असतं, आणि एकदा दुसरा बसला की तोच बसतो, हा आमचा धंदा. आंबेहळद उगाळून लावायचो, तुम्ही झोपल्यावर. मग एका रात्री, मोठी बाई गात होती, नाव नको, द्रुत चालू, तिनं तान घेतली, मी मागनं गेलो आणि अनामिका खाली गेली ती वरच येईना. पट्टी दाबलेलीच. एकच सूर भोंग्यासारखा वाजतोय, तिची तान त्याच्यावरनं चाललीय. डाव्या हातानं भाता सोडून बोट उचललं मी. बाई माझ्याकडं बघितलीही नाही, तिनं तबलजीकडं हात केला आणि तिहाई घेऊन संपवलं. मानधनाचं पाकीट पूर्ण दिलं. तेच जास्त लागलं.

सहा महिने पेटी बंद. हात परत आला, पण द्रुतला मी त्यानंतर कधी बसलो नाही, तुला वाटायचं बाबांना भजनीच साथ आवडते. त्या सहा महिन्यांत तू शाळेतनं आलीस की पेटी उघडायचीस आणि माझा डावा हात पट्ट्यांवर ठेवायचीस, आणि भाता तू मारायचीस, दोन्ही हातांनी, पाय आपटत. कधी जोरात कधी हळू, सूर हेलकावे खायचा. मी डाव्या हातानं भूप काढायचो. तुझं शिक्षण खरं तिथनं चालू झालं, चर्चमधल्या पियानोवर नाही, मुंबईला नाही. म्हणजे माझ्या खोट्यातनं चालू झालं असं म्हण. आणि तेच खोटं तू काल माझ्यासमोर, माझ्याच आवाजात बोललीस, "काही नाही". मी चिडलो ते त्याच्यावर.

तर ऐक. मॅडमना सांग, उद्याच. ट्राउट कुणालातरी दे, तिथं पियानो वाजवणारी पन्नास पोरं असतील, तुझ्यावाचून तो मासा मरत नाही. तपासून घे, पैशाचा विचार करू नको, मी आहे, नानांची ठेव आहे, कर्जाचा हप्ता या महिन्याचा गेलाय. आणि समज डॉक्टरनं सोळा गाणी पण नको म्हणली, तर नको. मी दुकानात सांगितलंय खरं सगळ्यांना, ते माझं मी निस्तरतो. फ्रिजवरचा कागद काढून टाकायला काय लागतं. मला फक्त... लेक्चर झालं परत. तेविसाची आहेस, तुला कळतं. मला माझ्या तेविसाव्या वर्षी कळत नव्हतं एवढंच म्हणणं आहे.

इथं काल वळीव आला, गारा पण पडल्या, गॅलरीतल्या कैऱ्या आईनं पळत जाऊन आत घेतल्या. नदीला पाणी कमी आहे, आयर्विन पुलावरनं बघितलं की खालचे दगड दिसतात. २०१९ च्या पुरात पेटी माळ्यावर चढवली होती तेव्हापासून तिचा वरचा एक सूर जरा फुटका वाजतो, मिरजेला न्यायची राहिलीय. दादाचं स्टेंटचं चेकअप नीट झालं. आईनं मेतकूट दिलंय जाधवांच्या मुलाबरोबर, तो पंधरा तारखेला येतोय, त्याच्याकडनं घे.

रविवारी फोन कर, नेहमीच्या वेळेला. मी हाताचं विचारणार नाही. कप उजव्या हातात धर. नाही, नको, दुखत असेल तर डाव्यातच धर, पण उजवा टेबलावर ठेव, मला दिसेल असा.

बाबा