पाण्याचा हिशोब मांडायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

ग्रामसभेत भूजलाची माहिती कशी मांडावी, हे आपण आम्हा कार्यकर्त्यांना शिकवलेत. त्याबद्दलचे आभार मी मुद्दाम जाहीरपणे मानत आहे, कारण पाणलोटाच्या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येकापर्यंत ही शिकवण पोहोचावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

‘पाणी म्हणजे जीवन’ हे वाक्य कितीही कळकळीने उच्चारले, तरी यंदा रब्बीत गहू घ्यावा की हरभरा, याचे उत्तर त्यातून मिळत नाही; आणि पुनर्भरणाचे, म्हणजे जमिनीत मुरलेल्या पाण्याचे, आकडे टीसीएममध्ये (हजार घनमीटरमध्ये) भरलेला तक्ता पडद्यावर दाखवला, तर उत्तर त्यात असूनही ते शेतकऱ्याच्या हाती लागत नाही. आपण सांगितलेली कसोटी साधी होती: ऐकणाऱ्याला आपला आकडा स्वतः पडताळून पाहता आला पाहिजे.

म्हणून आपण खडू हातात घेऊन सुरुवात करत असा. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १०,००० लिटर पाणी होते. त्या हिशोबाने ५०० हेक्टरांच्या शिवारात ४०० मिलिमीटर पाऊस झाला, तर २०० कोटी लिटर. या आकड्याने सभा थक्क होते, आणि नुसत्या प्रभावासाठी बोलणारा वक्ता नेमका इथेच थांबतो. आपण मात्र लगेच वजाबाकीला लागत असा. ओढ्यातून वाहून गेलेले पाणी, बाष्पीभवन, मातीतली ओल आणि पिकांनी घेतलेले पाणी वजा केल्यावर विहिरींच्या वाट्याला त्यातला थोडाच भाग उरतो, कारण आपल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या खडकात, पाणी साठते ते मुख्यतः मुरुमात आणि भेगांत. हे पटावे म्हणून आपण मुरूम आणि अभंग काळा दगड शेजारी ठेवून दोन्हींवर तांब्याने पाणी ओतत असा. मजकूर चांगला असला, की मांडणी आपोआप साधते, हे मत मला मान्य नाही. तो तांब्या नसता, तर ती वजाबाकी लोकांना आमची कंजुषी वाटली असती.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाचे उदाहरणही आपण गौरवगाथा म्हणून कधी सांगितले नाही. तिथे पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, पिण्याचे पाणी आधी बाजूला काढले जाते, उरलेल्यावर पिके ठरतात आणि ऊस-केळीसारख्या पिकांवर गावाने बंदी घातली आहे, एवढेच आपण सांगत असा. त्यामुळे ऐकणारे भारावून जाण्याऐवजी प्रश्न विचारू लागत, आणि त्या प्रश्नांसाठी आपण बोलण्याइतकाच वेळ राखून ठेवत असा, याचे मला आजही विशेष वाटते.

आता आमच्या गटातील महिला मे आणि ऑक्टोबरमध्ये विहिरींची पातळी स्वतः मोजतात आणि यंदाचा ताळेबंद ग्रामसभेत त्याच मांडणार आहेत. त्यांनी तयार केलेला हिशोब सोबत पाठवत आहे. सवडीने तो तपासावा आणि जिथे शंका येईल तिथे निःसंकोच खूण करावी, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
पाणलोट गटातील एक कार्यकर्ती