पोच

प्रिय मित्रा,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, रागावला असशील. महिनाभर एकाच कामात बुडालो होतो. आपत्तीत मदतीचं सामान कुठे हवंय आणि कुठे पडून आहे, हे एका जागी दाखवणारं वेबटूल करतोय.

पहिली आवृत्ती दोन रात्रींत उभी केली आणि छाती फुगवून फिरलो. एकीकडे छावण्यांची मागणी, दुसरीकडे गोदामांतला साठा. चौथ्या दिवशी एका छावणीतल्या बाईंचा फोन: "अहो, ब्लँकेटं थांबवा! खोल्या ब्लँकेटांनी भरल्यात नि माणसं व्हरांड्यात झोपतायत." माझ्या स्क्रीनवर मात्र त्यांची २०० ब्लँकेटांची मागणी लालभडक झळकत होती, तीन दिवसांपूर्वीची. ती बघून चार जणांनी चार ट्रक धाडले होते. टूल नसतं तर कदाचित एकच गेला असता. हे फक्त तुलाच सांगतोय.

मी मागणी आणि साठा धरला होता, रवानगी आणि पोच विसरलो. आता ट्रक निघाला की तेवढे नग मागणीतून वजा होऊन 'वाटेत' दिसतात. छावणीने पोच दिल्याशिवाय नोंद मिटत नाही. ४८ तासांत कुणी दुजोरा दिला नाही, तर मागणी करडी पडते. नेटवर्क नसेल तर नोंद फोनमध्येच थांबते, रेंज आली की जाते. त्यामुळे एकच नोंद कधी दोनदा येते. त्याच्याशी अजून झटापट चालू आहे.

एककांनी तर छळलंच. "पाणी ६०" म्हणजे लिटर की जार? आपत्तीतल्या मदतीसाठीच्या 'स्फिअर' या आंतरराष्ट्रीय मानकांत माणशी दिवसाला किमान १५ लिटर धरतात. म्हणून ४०० माणसांच्या छावणीने ६० लिटर मागितलं की टूल आता विचारतं, नक्की?

खरं तर आधी 'सहाना' हे सॉफ्टवेअर बघायला हवं होतं. २००४च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेतल्या स्वयंसेवकांनी छावण्या, मागण्या, बेपत्ता माणसं यांच्या नोंदींसाठी ते बनवलं, तेही मुक्त स्रोत. पण आपल्याला आधी स्वतः ठेच लागावी लागते ना!

काल त्या बाईंनी पहिली पोच भरली. शेऱ्यात लिहिलंय, "१५० ब्लँकेटं परत न्या." परतीचा रकाना मी ठेवलाच नव्हता. आता तोच करायला बसतोय. रविवारी येतोस का? त्या दुहेरी नोंदींचं डोकं तुझंच.

तुझाच,
आळशी मित्र