आडाळ्यासारखं बाकडं

कुडाळ, कार्तिक

चि. बाबू यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी हसलो, त्याचा तुला राग आला म्हणे. आईने नंतर माझी चांगली कानउघाडणी केली. पण तुमच्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात नायिका ज्या खुर्चीत बसून पत्र वाचते, तिच्यावरच सेटच्या फ्लॅटची, म्हणजे भिंतीच्या चौकटीची, पट्टी आडवी टाकून तू करवत चालवलीस, आणि पट्टीबरोबर खुर्चीचा हातही अर्धा गेला, तोही तिसरी घंटा व्हायला चाळीस मिनिटं असताना! सुताराच्या घरात हे ऐकून माणूस हसणार नाही तर काय करील?

समजूत घालायची म्हणून एक खरी गोष्ट सांगतो. लोटस एलान नावाची मोटार ज्याने आखली, त्या रॉन हिकमननेही हेच केलं होतं. १९६० नंतरच्या त्या एक-दोन वर्षांत, इंग्लंडात, घरचं फर्निचर करताना खुर्चीचा सुताराच्या बाकासारखा उपयोग केला आणि चांगली खुर्ची कापून बसला. त्यातून त्याने ते घडीचं बाकडं काढलं, वर्कमेट. कंपन्यांनी आधी नाकारलं, पुढे १९७० नंतर ब्लॅक अँड डेकरने बाजारात आणलं आणि जगभर कोट्यवधी विकली गेली. तेव्हा खुर्चीचे पैसे पगारातून कापले तर मुकाट दे. काही खुर्च्या वसूल होतात.

तसलंच एखादं विकत घे, असं लिहून मोकळा झालो असतो. पण चौतीस वर्षं आयटीआयच्या सुतारशाळेत पोरांना रंधा धरायला शिकवल्यावर हातांना खाज सुटतेच. तुझं बाकडं मी केलंय. दोनदा केलंय, कारण पहिलं फसलं.

पहिलं मी १८ मिलीमीटरच्या प्लायचं केलं. बिजागऱ्यांचे पाय, मध्ये कैची, घडी घातली की सुटकेसएवढं. दिसायला झकास. आईला दाखवलं, शेजाऱ्यांना दाखवलं. मग त्यावर सागाची एक पट्टी ठेवून रंधा मारला. दहा-बारा हातांत बाकडं ओटीच्या मधोमधून कठड्याला जाऊन भिडलं. अक्षरशः चालत गेलं! वर बिजागरीत जरा ढिलाई आली की सगळा सांगाडा डुलतो. वजन करून पाहिलं तर एकोणीस किलो. म्हणजे बसच्या टपावर चढवायला जड आणि रंध्याला हलकं. दोन्हीकडून तोटा.

शाळेतली आपली बाकं दीड-दोनशे किलोंची असायची. त्यांना कोणी हलवू शकत नसे, म्हणून त्यांच्यावर काम व्हायचं. वजन हेच त्यांचं काम. मग जे उचलून न्यायचं, त्यात वजन आणायचं कुठून? दोन दिवस मी हाच विचार करत ओटीवर बसलो होतो. आत तुझी आई नारळ खवत होती. मी आपलं मोठ्याने म्हटलं, याला जमिनीला बांधायची काहीतरी सोय हवी. ती आतूनच म्हणाली, "आडाळो काय कोण जमनीक बांधून ठेवता? वर बसला की झाला."

मी उठून आत जाऊन बघितलं. आडाळा म्हणजे आपली विळीच, इतकी वर्षं घरात असलेली वस्तू. एक पाट, पुढे पातं. किती किलोचा असेल? अडीच-तीन. पण बाई त्यावर बसली की तिचं सगळं वजन पाटाचं होतं, आणि दोन्ही हात मोकळे. फणस चिरतानासुद्धा आडाळा जागचा हलत नाही.

आणि आजोबा तरी काय करत होते? त्यांनी जन्मात बाक पाहिलं नाही. खळ्यात बसून, पायाच्या अंगठ्याने आणि टाचेने लाकूड दाबून पटाशी चालवायचे. डाव्या अंगठ्याच्या बाजूला पटाशी निसटल्याची खूण होती, तू लहानपणी त्यावर बोट फिरवायचास. मी सतरा वर्षांचा असताना शाळेत पहिल्यांदा उभ्याने रंधा मारला, तेव्हा घरी येऊन सांगितलं की बसून काम करणं मागासलेपणाचं आहे. आजोबा काही बोलले नाहीत. आत्ता वाटतं, बोलले असते तर बरं झालं असतं. इटलीत हर्क्युलेनियम गावच्या भिंतीवर, इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीने गाडली जाण्याआधीचं एक चित्र सापडलं होतं. त्यात अशाच बुटक्या बाकड्यावर करवतकाम चाललंय. काही वर्कमेटनासुद्धा खाली पाय रोवायला पायरी दिलेली असते, ती उगीच नव्हे. हलक्या बाकड्याने वजन उसनं घ्यायचं असतं, माणसाचं नाहीतर भिंतीचं.

तर तुझं बाकडं बुटकं आहे. घोड्यावर बसतात तसं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं. माळ्यावर आपल्या जुन्या घराची फणसाची फळी होती, तुझ्या जन्माआधीपासून पडलेली, त्यामुळे आता ती वाकायची नाही. साडेतीन फूट लांब, नऊ इंच रुंद, पावणेदोन इंच जाड. वरचा काळा थर काढल्यावर आतून हळदीसारखा रंग निघाला. उंची सतरा इंच. ती तुझ्या जुन्या पँटीवरून काढली, गुडघा झिजलेला होता तिथून खाली मोजलं.

पाय चार, सागाचे, सुटे. खरी गंमत त्यांच्यातच आहे. बिजागरी नाही, स्क्रू नाही, खिळा नाही. प्रत्येक पायाचं वरचं टोक गाजरासारखं निमुळतं आहे आणि फळीतलं भोकही तसंच निमुळतं. पाय खालून घालून मोगरीचा एक ठोका द्यायचा. वर बसलास की तुझ्याच वजनाने तो आणखी घट्ट होतो. काढायचा तर फळीच्या वरून, भोकात खुंटी धरून ठोका. टोकं सावंतवाडीला, लाकडी खेळण्यांच्या चितारआळीत, लेथवर कातून घेतली. तिथल्या कारागिराला वाटलं मी भल्यामोठ्या भोवऱ्याची ऑर्डर देतोय. भोकं मात्र मीच केली. आधी गिरमिटाने सरळ पाडली आणि मग निमुळत्या लाकडी गोळ्यात जुन्या करवतीच्या पात्याचा तुकडा बसवून, त्याने आतून खरवडत आणली. एका भोकाला पाऊण तास लागला. काळी पेन्सिल पायाच्या टोकाला फासायची, पाय भोकात फिरवायचा, जिथे काळं लागेल तिथे खरवडायचं, परत फासायची. सगळीकडे सारखं काळं लागेपर्यंत.

पायांची टोकं फळीच्या वर येत नाहीत, अर्धा इंच आतच राहतात. ती चूक समजून पाचर ठोकू नकोस. आत्ता इकडे हवेत ओल आहे, पाय फुगलेले आहेत. तुम्ही नागपूर-अमरावतीकडे जाल तेव्हा लाकूड सुकेल, पाय बारीक होईल आणि एक-दोन सूत, म्हणजे पाव इंचापर्यंत, आणखी वर चढेल. ती जागा त्यासाठी. प्लायच्या बाकड्याला हवा बदलली की रुसवा येतो. हे आपलं सरकून बसतं.

पाय बाहेर फाकलेले आहेत, त्यामुळे तू पुढे जोर लावलास तरी उलटणार नाही. तिसऱ्या पायाचा तिरपेपणा थोडा वेगळा आहे. मी गिरमिट फिरवत होतो आणि नेमका 'कर्ज हवंय का' विचारणाऱ्यांचा फोन वाजला. भोक बुजवून परत पाडणार होतो, मग म्हटलं राहू दे. पटाशीने पायांवर आणि भोकांशेजारी एक ते चार रेघा मारल्यात. ज्याचा पाय त्याच्याच भोकात घाल.

आता लाकूड धरायचं कसं. पुढच्या टोकाला चौकोनी भोकात बाभळीची खुंटी आहे. ती खालून ठोकली की वर येते. पातळ पट्टीला दोन सूत वर ठेव, त्याहून जास्त नको, नाहीतर रंध्याचं पातं खुंटीवर आपटेल. पट्टी खुंटीला टेकवायची आणि रंधा स्वतःपासून पुढे. जोर पाठीतून नाही, मांड्यांतून लावायचा. फळीवर पाऊण इंची भोकांच्या दोन रांगा आहेत. पट्टी उभी करून तिची कड रंधायची असेल तर दोन्ही बाजूंना खुंट्या घाल आणि एका बाजूने पाचर सरकव. पाचर हाताने दाबली तरी पुरते, मोगरीने ठोकशील तर खुंटीच तुटेल. खुंट्या बारा दिल्यात. चार हरवतील हे धरूनच.

करवतीसाठी तर उभ्या बाकापेक्षा हे बरं. पट्टी आडवी टाक, डावा गुडघा तिच्यावर, आणि कापायचा भाग बाकड्याच्या बाहेर. बाहेर म्हणतोय. फळीवर पहिली खूण करवतीची दिसली तर फोनवर पुन्हा हसेन.

उभ्याने करायची कामं उरतात, फ्लॅटच्या पट्टीच्या टोकाला खाच पाडायची वगैरे. त्यासाठी वेगळी जोडी दिली आहे. सागाच्या दोन पट्ट्या, दोन फूट लांब, मध्ये आट्यांचे दोन रॉड आणि हाताने फिरवायच्या लाकडी चकत्या. ही जोडी दोन जी क्लॅम्पनी कशालाही आवळता येते. तुमच्या सेटच्या लेव्हल, ते लाकडी चौथरे, असतातच, दोन एकावर एक रचून त्यांच्या कडेला लाव. मागून लेव्हल भिंतीला टेकव. नाट्यगृहाच्या मालकीच्या कशालाही क्लॅम्प लावण्याआधी तिथल्या माणसाला विचार. आणि रंगमंचाच्या फळ्यांत स्क्रू मारायचा विचारसुद्धा मनात आणू नकोस, उद्या तिथे कोणीतरी अनवाणी नाचणार असतं.

फळी सात किलो, पाय मिळून दीड. जोडी आणि क्लॅम्प धरून सगळं बारा किलोंच्या आत. पायांना आईने जुन्या चादरीची पिशवी शिवली आहे, फळीला खांद्यावर घ्यायला पट्टा. पिशवीत चार पातळ पाचरीही आहेत. चार पायांची वस्तू उंचसखल जमिनीवर डुगडुगणारच. मी तीन पायांचा विचार केला होता, पण एका पायाच्या टोकाला बसलास तर कलंडशील.

परवा दहीकाल्याला, दशावतार बघायला, गेलो होतो. रंगमंचावर नेहमीप्रमाणे एकच बाकडं. राजा आला की सिंहासन, राजा गेला की पलंग. माझं सगळं लक्ष त्याच्या पायांकडे. राक्षस त्यावर उडी मारून चढला तेव्हा एक पाय चांगला दोन बोटं सरकला आणि मी जागेवरून उठलोच. आईने शर्ट धरून खाली बसवलं. काला झाल्यावर मंडळींना म्हटलं, सकाळी आणून द्या, नीट करून देतो. ते घेऊन आले, आणि ते मी तुझ्या बाकड्यावर बसून नीट केलं. दोन कुसू, सांध्यात शिरतात ती टोकं, नवे केले, तासाभराचं काम. तेव्हा चाचणी झालेली आहे, काळजी नको.

गोव्याच्या प्रयोगाला जाताना तुमची गाडी इथूनच जाणार ना? आदल्या दिवशी कळव, मी सगळं घेऊन हायवेवर उभा राहतो. गाडी थांबणार असेल तर जेवूनच जा, किती माणसं तेही सांग. आई नारळ आधी काढून ठेवील. तिचा आडाळा मात्र मी मापं घ्यायला म्हणून पातं काढून ठेवला होता, तो अजून जोडून द्यायचा राहिलाय. आता तेच करायला उठतो.

तुझे,
बाबा

ता. क. : मोगरी वेगळी बांधली आहे, ती आजोबांची. उसनी कोणाला देऊ नकोस.